कधी दिसतो, कधी नाही

"आज दिसला नाही."

बाबांचा फोन असा सुरू व्हायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही, डायरेक्ट मुद्दा. एकदा फोन स्पीकरवर होता तेव्हा माझी पुण्यातली रूममेट दचकलीच. "कोण गं? बिबट्या?"

तिचं काही चुकलं नाही. आमचं घर चिखलदऱ्याला. मेळघाटच्या जंगलात, समुद्रसपाटीपासून 1,118 मीटर उंचावर. कोण दिसलं आणि कोण नाही हा तिथे रोजच्या गप्पांचा विषय असतो. पण बाबा बोलत होते ते आमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हबद्दल. माय कॉम्प्युटर उघडलं की तो कधी तिथे असायचा, कधी नसायचा. आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे. मनाचा राजा!

आणि माझं उत्तर ठरलेलं. "रीस्टार्ट करा, बाबा."

"केला."

"मग पुन्हा करा."

दोन-तीन वेळा रीस्टार्ट केला की महाराज प्रकट व्हायचे. "दिसला, दिसला!" बाबा खूश. फोन कट. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हे असं किती वर्षं चाललं असेल? सहा. हो, सहा.

आता थोडं बॅकग्राउंड. पुण्या-मुंबईच्या पब्लिकला चिखलदरा म्हटलं की आधी चिखल आठवतो. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा, अशी आमच्याकडची गोष्ट. विदर्भातलं आमचं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण. गाविलगडचा किल्ला आहे, कॉफीचे मळे आहेत आणि पावसाळ्यात धुकं एवढं, की शेजारच्या घरात दिवा लागलाय की नाही तेसुद्धा कळत नाही. टुरिस्टांना ते धुकं फार रोमँटिक वाटतं. आमच्यासाठी त्याचा अर्थ एकच, कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, पुस्तकांना बुरशी येते. आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काय होतं, ते पुढे सांगते.

तो पीसी 2006 चा. मी आठवीत होते. परतवाड्याहून जीपमध्ये मांडीवर मॉनिटर घेऊन घाट चढलो होतो. बाबा शाळामास्तर. रिटायर झाल्यावर त्यांनी दोनच छंद ठेवले, कॉफीची चार झाडं आणि जुन्या गाण्यांच्या सीडीज. एका सीडीत दीडशे गाणी! त्यामुळे ड्राइव्ह गायब म्हणजे त्यांची अख्खी संध्याकाळ गायब.

मी आयटीत. त्यातही टेस्टिंगमध्ये. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. आमच्याकडे बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरचं नाव जिरा. (फोडणीतलं नव्हे.) कुणी बग टाकला, आपण करून बघितला आणि तो आपल्याकडे झालाच नाही, तर एक झकास शेरा मारता येतो, 'नॉट रिप्रोड्यूसिबल'. बग क्लोज, विषय क्लोज, घरी जायला मोकळे. प्रामाणिकपणे सांगते, या शेऱ्यावर माझी बरीच संध्याकाळची शटल बस वेळेवर मिळाली आहे.

हाच शेरा मी आईवरही मारला होता.

2022 मध्ये आईचं डोकं फार दुखायचं म्हणून अमरावतीला एमआरआय केला. मेंदूच्या आवरणाला लागून एक छोटीशी गाठ दिसली. मेनिंजिओमा. नाव भयंकर, पण डॉक्टर म्हणाले, ही बहुतेक वेळा साधी असते, सावकाश वाढते, नुसतं लक्ष ठेवा, वर्षाने पुन्हा स्कॅन करा. डोकेदुखी थांबली. वर्षाची दोन वर्षं झाली. तुम्हाला माहीतच आहे हे कसं होतं.

मग मधूनमधून आई म्हणायला लागली, "उजव्या हाताले मुंग्या येतात अन् दोन मिनिटं शब्दच सुचत नाही." डॉक्टरकडे नेलं की हात एकदम ठणठणीत. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. मी फोनवर निदान करायचे. झोप कमी असेल, टेन्शन असेल, मोबाइल फार बघतेस. थोडक्यात काय, तर नॉट रिप्रोड्यूसिबल.

जुलै 2024. त्या आठवड्यात आईला दोनदा तसं झालं. या वेळी मी रजा टाकली. अमरावतीला नवा एमआरआय केला. त्याच्या इमेजेसची लिंक मोबाइलवर आली, ती मी पुण्याच्या एका न्यूरॉलॉजिस्टना पाठवली. शनिवारी सकाळी दहाला व्हिडिओवर अपॉइंटमेंट ठरली. शुक्रवारी दुपारी आम्ही घाट चढून घरी. सगळं कसं सेट!

संध्याकाळी सहाला डॉक्टरांच्या असिस्टंटचा मेसेज. "2022 च्या इमेजेस पाठवा. रिपोर्ट नको, इमेजेस हव्यात. गाठ वाढली का ते बघायचं आहे."

2022 च्या इमेजेस एका सीडीवर होत्या. फिल्म्स होत्या म्हणा, पण दोन पावसाळ्यांत एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की सोडवताना चित्रच उचकटून यायचं. सेंटरने एवढा जुना डेटा ठेवलेला नव्हता. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. यूएसबीला बाहेरचा जोडावा, तर कंपनीच्या पॉलिसीने पोर्ट ब्लॉक. शेजारीपाजारी विचारलं. नव्या लॅपटॉपवाल्या कुणाकडेच ड्राइव्ह नाही. बाहेर पाऊस, धुकं आणि अंधार. खाली परतवाड्यात काही मिळालं असतंही, पण अशा रात्री घाट उतरायचं नावसुद्धा आमच्याकडे कुणी काढत नाही.

म्हणजे त्या रात्री आमच्या हाताशी ती सीडी वाचू शकणारं एकच यंत्र होतं. तो. कधी दिसणारा, कधी न दिसणारा.

पीसी चालू केला. नाही दिसला. रीस्टार्ट. नाही. तिसऱ्यांदा दिसला! सीडी टाकली. तिच्यातच इमेज बघायचा एक छोटा प्रोग्राम असतो, तो आपोआप उघडला. करड्या रंगाचे काप एकामागून एक सरकायला लागले. माझ्या आईचं डोकं, आडवं, उभं, समोरून.

इथे मी घोडचूक केली. सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करायला जेमतेम दोन मिनिटं लागली असती. पण मी गाठ शोधत बसले. ही का? की ही? झूम केलं. नव्या स्कॅनशी मोबाइलवर ताडून बघितलं. डॉक्टरकीतलं मला शून्य कळतं, तरी वीस मिनिटं बघत बसले. आणि लाइट गेली. पीसीचा यूपीएस कधीच मेलेला. खट्ट. सगळं काळं.

अर्ध्या तासाने लाइट आली, तर ड्राइव्ह गुल. एकदा, दोनदा, पाचदा. दहाव्या वेळेनंतर मी मोजणं सोडलं. आणि साडेनऊला लाइट पुन्हा गेली, ती गेलीच.

बाबा टॉर्च घेऊन आले आणि काखेत एक लांबलचक वही. शाळेतला जुना, कोरा राहिलेला हजेरीपट.

"हे पाय. याची हजेरी म्यां मांडून ठेवली आहे."

मला आधी हसू आलं. डाव्या बाजूला तारीख, पुढे 'ह' किंवा 'गै'. हजर, गैरहजर. पहिल्यांदा चालू केला तेव्हाची हजेरी वेगळी, रीस्टार्ट केल्यावरची वेगळी. शेवटच्या रकान्यात हवा. ऊन, पाऊस, धुकं. सहा वर्षं!

मग हसू थांबलं. कारण त्या पानांत सरळसरळ पॅटर्न दिसत होता. एप्रिल-मेमध्ये ओळीने ह, ह, ह. जून लागला की सकाळी गै, पीसी तासभर तापला की ह. आणि पहिल्याच पानावर, ऑगस्ट 2018 च्या पहिल्या नोंदीत लिहिलं होतं, 'हार्ड डिस्क बदलून आणली. दुसऱ्या दिवशी सीडी गैरहजर.'

टेस्टिंगमध्ये आम्ही ज्युनिअर पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो की बिघाड सुरू व्हायच्या आधी काय बदललं ते विचारा. बाबांना मी सहा वर्षांत हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि त्यांनी न विचारता लिहून ठेवलं होतं.

"काऊन सांगितलं नाही?"

"तू रीस्टार्ट कर म्हणे अन् फोन ठेवून दे. सांगू कवा?"

माझी जिरली ती अशी.

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, तुमच्याही घरी माळ्यावर असा एखादा पीसी असेल आणि त्यात कुणाच्या तरी लग्नाची सीडी अडकली असेल.

पहिली गोष्ट, ड्राइव्ह न दिसणं आणि सीडी न वाचणं हे दोन वेगळे आजार आहेत. ड्राइव्ह दिसतो पण सीडी वाचत नाही, तेव्हा लेन्स पुसणं वगैरे उपाय. ड्राइव्हच दिसत नाही, तेव्हा लेन्स कितीही पुसा, फायदा शून्य. दुसरी गोष्ट, तो नेमका कुणाला दिसत नाही? पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ टू दाबून बायॉसमध्ये जायचं. तिथे ड्राइव्हचं नाव आहे आणि विंडोजमध्ये नाही, तर भानगड सॉफ्टवेअरची. जुन्या विंडोजमध्ये सीडी बर्न करायचं एखादं सॉफ्टवेअर काढल्यावर रजिस्ट्रीत अप्पर फिल्टर्स, लोअर फिल्टर्स नावाच्या नोंदी मागे राहतात, त्या काढल्या की काम होतं. पण बायॉसलाच दिसत नसेल, तर विंडोज शंभरदा टाका, काही होणार नाही. आमचा त्या संध्याकाळी बायॉसमध्येही नव्हता. म्हणजे हार्डवेअर.

तिसरी गोष्ट, ट्रे उघडतो का? बटण दाबल्यावर ट्रे बाहेर आला आणि दिवा लागला, तर वीज बहुधा पोचते आहे. मग संशय डेटा केबलवर. आमचा ट्रे अगदी इमानदारीत उघडत होता.

लाइट नव्हतीच, तरी पीसीची पिन काढली आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत धूळ, कोळ्याचं जाळं आणि एका जुन्या झुरळाचे अवशेष. बाबांनी टॉर्च धरला. आणि उत्तर समोर लोंबकळत होतं.

त्या काळच्या ड्राइव्हला चपटी, रुंद, रिबनसारखी आयडीई केबल असायची. तिला तीन तोंडं. निळं मदरबोर्डला, शेवटचं काळं पहिल्या ड्राइव्हला, मधलं राखाडी दुसऱ्याला. एकाच केबलवर दोघं, म्हणून कुणी पहिलं बोलायचं हे ठरवायला मागे नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी, जंपर. पहिला तो मास्टर, दुसरा तो स्लेव्ह. (हे शब्द आता बरेच जण टाळतात, ते बरंच आहे, पण ड्राइव्हच्या पाठीवर तेच छापलेले असतात.)

2006 मध्ये आमची हार्ड डिस्क त्या केबलच्या टोकाला होती, मास्टर. डीव्हीडी मधे, स्लेव्ह. 2018 मध्ये जुनी डिस्क गेली आणि साटाची नवी आली. साटाची केबल वेगळी, बारीक. दुरुस्तीवाल्याने जुनी डिस्क काढली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. म्हणजे आमचा डीव्हीडी ड्राइव्ह सहा वर्षं अशा मास्टरचा मदतनीस होता जो नोकरी सोडून गेला होता! केबलचं टोक हवेत. मोकळ्या टोकावरून सिग्नल उलटे फिरून गोंधळ घालतात. शिवाय एकटाच स्लेव्ह असेल तर काही मदरबोर्ड त्याची दखल घेतात, काही घेत नाहीत. त्यात आमचं धुकं. ओल लागून पिना काळवंडलेल्या. उन्हाळ्यात कसंबसं निभायचं, पावसाळ्यात नाही. दोन अर्धवट बिघाड मिळून एक लपंडाव. एकच पूर्ण बिघाड असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता.

आयब्रोच्या चिमट्याने जंपर काढला आणि मास्टरवर बसवला. केबलचं टोकाचं काळं तोंड ड्राइव्हला लावलं. प्रत्येक कनेक्टर चार-पाच वेळा काढला-घातला, म्हणजे पिनांवरचा थर घासून निघतो. झाकण लावलं नाही. लाइट यायची वाट बघत तिघं बसलो. आईने मेणबत्तीवर... सॉरी, मेणबत्तीच्या उजेडात गॅसवर कॉफी केली. आमच्याच झाडांची.

तेव्हा बाबांनी हजेरीपट उलटा केला. मागच्या बाजूने दुसरी हजेरी मांडलेली. वर लिहिलं होतं, 'हात'.

तारीख. किती वाजता. किती मिनिटं. तेव्हा आई काय करत होती. बोलता येत होतं का. आदल्या रात्री झोप झाली होती का. फेब्रुवारीपासून नऊ नोंदी.

आई म्हणाली, "याईले म्हटलं, लिहून काय होते? डॉक्टरपाशी गेलं की होतच नाही ना मले काही."

"म्हणूनच लिहिलं," बाबा म्हणाले. "पोट्टं शाळेत कवाच दिसत नाही म्हणून गुरुजी त्याचं नाव खोडते का? हजेरी मांडते."

मी काही बोलले नाही. कॉफी चांगली झाली होती.

लाइट पहाटे साडेपाचला आली. खिडकीबाहेर पांढरं धुकं, म्हणजे हजेरीपटानुसार शंभर टक्के गैरहजरीचं हवामान. पीसी चालू केला. बायॉसमध्ये नाव होतं. विंडोजमध्येही होता. पहिल्याच फटक्यात! या वेळी मी काहीही उघडून बघितलं नाही. आधी कॉपी, हार्ड डिस्कवर. मग पेन ड्राइव्हवर. मग मोबाइलवर. मग गच्चीच्या त्या एका कोपऱ्यात, जिथे रेंज येते, छत्री धरून पाऊण तास उभी राहिले. नऊ वाजून दहा मिनिटांनी अपलोड पूर्ण.

दहा वाजता डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावले. गाठ जवळजवळ तेवढीच आहे, म्हणाले. घाईने ऑपरेशन नको. मग विचारलं, "हाताचं किती वेळा होतं?" मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हजेरीपट कॅमेऱ्यासमोर धरला. डॉक्टर पुढे वाकले. नऊपैकी सात नोंदी झोप न झालेल्या रात्रीनंतरच्या होत्या. हे छोटे झटके असावेत, म्हणाले. फिट म्हणजे दर वेळी माणूस जमिनीवर पडतोच असं नाही, आणि झोप मोडणं हे त्यांना आयतं निमित्त. एक तपासणी सांगितली, गोळ्या सुरू केल्या, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. आणि शेवटी म्हणाले, "वही बंद करू नका, सर."

'सर' ऐकून बाबा एवढे फुलले, की बस!

रविवारी मी दिवसभरात दहा वेळा पीसी बंद करून, पूर्ण गार होऊ देऊन चालू केला. दहाच्या दहा हजर. एकदा चालला म्हणजे दुरुस्त झाला असं नसतं, विशेषतः ज्याचा आजारच 'कधी कधी' आहे त्याच्याबाबतीत. आणि असलं काही चालू असेल, तेव्हा कौतुकाने बघत बसायचं नाही, आधी आपलं सामान बाहेर काढायचं. हे दोन नियम मी आता डेस्कवर चिकटवले आहेत.

सोमवारी लॉगइन करून पहिलं काम काय केलं असेल? मी स्वतः क्लोज केलेले तीन बग रीओपन केले. शेऱ्यात एकच प्रश्न टाकला, 'नेमकं कधी होतं?' माझ्या टीमला वाटलं, मेळघाटात मला काहीतरी चावलं.

आईला गोळ्या लागू पडल्या. सहा महिन्यांच्या स्कॅनमध्येही गाठ तेवढीच होती. 'हात'च्या पानावर नोंदी विरळ होत गेल्या आणि मधे सलग तीन महिने कोरे गेले. बाबांनी तेही लिहिलं, 'निरंक'.

त्यांचा फोन अजूनही तसाच सुरू होतो, हॅलोशिवाय. फक्त वाक्य बदललंय. परवा म्हणाले, "ड्राइव्ह रोज दिसते आता."

"मस्त!"

"हो. आता तूच तेवढी कवा कवा दिसते."

या वेळी मी रीस्टार्ट करा म्हटलं नाही. बडनेऱ्याचं तिकीट काढलं.